बाटलीच्या काचेचे क्रोबो मणी: घानातल्या कार्यशाळेत स्वतःच्या हातांनी करताना

घानाच्या ईस्टर्न रीजनमध्ये ओडुमासे क्रोबो आणि सोमान्या या गावांच्या परिसरात फुटक्या बाटल्यांपासून मणी करणारे क्रोबो समाजाचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या राहतात. राजधानी आक्राहून हे रस्त्याने दोनेक तासांच्या अंतरावर आहे. बिअरची बाटली, औषधाची निळी कुपी, क्रीमची पांढरी डबी, सगळं कुटून, चाळून, मातीच्या साच्यात भरून भट्टीत जातं आणि मणी होऊन बाहेर येतं. बऱ्याच कार्यशाळांत पाहुण्यांना स्वतः मणी करायला देतात. एका दिवसात दोनेक साचे भरून, भाजून, घासून एक माळ होते, पण कामाचा क्रम आधी माहीत हवा.

पाहणाऱ्याचं सगळं लक्ष भट्टीकडे असतं. मणी चांगला होणार की वाईट हे मात्र त्याआधीच ठरलेलं असतं: भुकटी किती बारीक आहे, साच्याला लेप कसा लागला आहे, भोकासाठी साच्यात खोचलेला देठ सरळ उभा आहे का. विस्तवात गेल्यावर यातलं काहीच दुरुस्त करता येत नाही. म्हणून या लेखात आगीपेक्षा तयारीवर जास्त जागा खर्च केली आहे.

आधी मण्याचा प्रकार ठरवा

इथे मुख्यतः तीन प्रकार होतात. पहिला भुकटीचा मणी: वस्त्रगाळ काच साच्यात थरांनी भरायची, भोक कसाव्याच्या (ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो त्या झाडाच्या) देठामुळे आपोआप पडतं, कारण देठ भट्टीत जळून जातो. दुसरा पारदर्शक मणी: काचेचे बारीक तुकडे वितळवायचे आणि गरम असतानाच दाभणासारख्या अणकुचीदार सळईने भोक पाडायचं. तिसरा चितारलेला मणी, त्याला क्रोबो भाषेत ‘मुए ने आंग्मा’ म्हणतात: भाजून झालेल्या मण्यावर काचेच्या ओल्या लुकणाने नक्षी काढून तो पुन्हा भाजायचा.

पहिल्यांदा जाणाऱ्याने भुकटीचाच मणी करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यात तुमच्या हाताला खरं काम आहे आणि आगीशी संबंध कमी. पारदर्शक मण्याचं भोक धगधगत्या साच्यावर पाडावं लागतं. ते कारागिराला करू द्या, तुम्ही काच निवडायचं आणि भरायचं काम करा. चितारलेल्या मण्याला दोनदा भाजणी लागते, म्हणून त्यासाठी निदान दीड दिवस हाताशी ठेवा, किंवा आधीच भाजलेले कोरे मणी कार्यशाळेकडून मागून घ्या.

भट्टी दिवसभर सारखी तापलेली नसते. आदल्या दिवशी कळवून भट्टी कधी पेटते ते विचारा आणि त्याच्या निदान तीन तास आधी पोचा. एप्रिल ते जुलै पावसाचा काळ असतो. तेव्हा लाकूड ओलं आणि साचे दमट, त्यामुळे काम रेंगाळतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत हरमॅटनचा कोरडा वारा वाहतो. त्याने देठ झटपट वाळतात, पण उघड्यावर भुकटी भरायला बसलात तर वारा ती उडवून नेतो.

सोबत काय न्यायचं? एन ९५ दर्जाचा मास्क, डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा, जाड हातमोजे, बंद बूट, सुती कपडे. यातलं काहीही तिथे मिळेलच असं धरून चालू नका. नायलॉनचे कपडे भट्टीजवळ नकोत, ठिणगी पडली की ते वितळून अंगाला चिकटतात. आणखी दोन गोष्टी खिशात टाका, एक छोटं लोहचुंबक आणि जाड कागदाची दोन-तीन कार्डं. दोन्हींचा उपयोग पुढे येईल.

काच निवडणं

सगळी काच एकजात नसते. बाटल्यांची आणि खिडकीची काच सोडा-लाइम प्रकारची असते, ती सातशे अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते. प्रयोगशाळेतली किंवा ओव्हनमध्ये चालणारी भांडी बोरोसिलिकेटची असतात; तेवढ्या तापात ती पुरती वितळत नाहीत आणि त्यांचं आकुंचन वेगळं असल्यामुळे मणी निवताना तडकतो. जड, लखलखीत क्रिस्टलच्या काचेत शिसं असू शकतं, ती कुटायला घेऊच नका. आरशाची काचही नको, तिच्या पाठीवरचा थर मण्यात डाग पाडतो.

दोन बाटल्यांची काचसुद्धा तंतोतंत सारखी आकसत नाही. म्हणून एका मण्यात फार जाती मिसळू नयेत. मूळ रंग एकाच प्रकारच्या बाटलीचा घ्या आणि बाकीचे रंग त्याच भुकटीत सिरॅमिकचा रंग मिसळून तयार करा. साधारण प्रमाण दहा चमचे भुकटीला एक सपाट चमचा रंग. कार्यशाळेत रंग बहुधा मिसळून ठेवलेले असतात. तरी विचारून घ्या, कारण काही रंग कच्चे असताना वेगळे दिसतात आणि भाजल्यावर वेगळे.

बाटलीच्या रंगावरही जाऊ नका. हिरवी बाटली कुटली की भुकटी जवळजवळ पांढरी दिसते आणि भाजलेला मणी बाटलीपेक्षा कितीतरी फिका, पोपटीकडे झुकणारा होतो. भुकटीच्या कणांमध्ये अडकलेल्या हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांमुळे असं होतं. तपकिरी बाटलीचा मणी मातकट होतो. औषधाच्या गडद निळ्या कुप्यांचा रंग मात्र भुकटीतही टिकतो, म्हणून कारागीर ती काच जपून वापरतात. खोल, आरपार रंग हवा असेल तर भुकटी नको, तुकडे वापरा.

किती काच लागेल याचा हिशोब सोपा आहे. १२ मिलिमीटर जाड आणि १० मिलिमीटर लांब मणी भोक वगळता अडीच ग्रॅमच्या आसपास भरतो. साठ मण्यांची माळ म्हणजे दीडशे ग्रॅम. चाळताना आणि सांडताना जाणारं धरून एक छोटी बिअरची बाटली एका माळेला पुरते.

कुटणं आणि गाळणं

बाटली पाण्यात भिजवून लेबल आणि डिंक पूर्ण काढा. हे कंटाळवाणं आहे, पण कागदाचा कपटा भुकटीत गेला तर भट्टीत तो जळतो, वायू सुटतो आणि मण्याच्या पृष्ठभागावर खड्डा पडतो. टोपणाखालचं धातूचं कडंही काढून टाका. बाटली पूर्ण वाळवा. ओली काच कुटली की लगदा होऊन चाळणीत अडकते.

कुटण्यासाठी तळ बंद केलेला जाड लोखंडी नळ उखळासारखा वापरतात आणि मुसळाच्या जागी जड लोखंडी दांडा असतो. उखळात एका वेळी दोन-तीन मुठींपेक्षा जास्त काच टाकू नका. दांडा उंचावरून आपटायचा नाही. थोडाच उचलायचा आणि स्वतःच्या वजनाने पडू द्यायचा. वरून फडकं गुंडाळलं तर तुकडे उडत नाहीत. मास्क आणि चष्मा इथपासून लावायचा आणि साचा भरून होईपर्यंत काढायचा नाही. काचेची धूळ डोळ्यांना आणि फुफ्फुसांना त्रास देते. लेपाची कोरडी पांढरी माती तर त्याहून वाईट, कारण तिच्यात बारीक वाळूचे कण असू शकतात.

कुटलेली काच आधी जाळीच्या चाळणीतून आणि मग पातळ कापडातून गाळा. बोटांच्या चिमटीत घेऊन चोळली तर मैद्यासारखी वाटायला हवी (हातमोज्यातूनच चोळा). खर लागली तर परत उखळात. जाडसर भुकटीचा मणी खडबडीत होतोच, शिवाय दोन रंगांमधली रेघ फुटकी दिसते.

आता लोहचुंबक. लोखंडावर लोखंड आपटल्याने भुकटीत लोखंडाचे कण येतात आणि पांढऱ्या किंवा पिवळ्या मण्यात ते काळे ठिपके होऊन बसतात. चुंबक पातळ कागदात गुंडाळून भुकटीतून तीन-चार वेळा फिरवा आणि चिकटलेले कण झटकून टाका. दोन मिनिटांचं काम आहे, पण फिक्या रंगाच्या माळेत लगेच फरक दिसतो.

साचा, लेप आणि देठ

साचा म्हणजे स्थानिक मातीची जाड, भाजलेली थाळी. तिच्यात ओळीने खळगे असतात आणि प्रत्येक खळग्याच्या तळाला मधोमध एक बारीक छिद्र. साचा कार्यशाळेचा असतो. हातात आल्यावर उजेडात धरून पाहा. खळग्याच्या भिंतीला चीर असेल तर वितळलेली काच तिच्यात शिरते आणि मणी फोडल्याशिवाय निघत नाही.

भाजणीआधी साच्याला दर वेळी केओलिनचा म्हणजे पांढऱ्या मातीचा लेप द्यावा लागतो. मातीच्या साच्याला काच चिकटते. मध्ये हा थर असला की सुटते. एक वाटी माती आणि दोन ते तीन वाट्या पाणी कालवून ताकाइतकं पातळ करा, गाळून घ्या आणि प्रत्येक खळग्यात ब्रशने फिरवा. आधीचा पापुद्रा निघत असेल तर तो खरवडून मगच नवा द्या. लेप पातळ राहिला तर मणी चिकटतो, जाड झाला तर त्याचे पोपडे काचेत रुततात. खळग्याचा तळ आणि भिंत जिथे मिळते तिथे ब्रश नीट पोचत नाही आणि मणी हटकून तिथेच अडकतो, तेव्हा तेवढ्या जागी ब्रशचं टोक वेगळं फिरवा. तळाचं बारीक छिद्र लेपाने बुजलं तर काडीने मोकळं करा. मग साचा उन्हात किंवा भट्टीच्या कडेला खडखडीत वाळवा.

भोकासाठी कसाव्याच्या पानाचा देठ लागतो. तो साधारण २ ते ३ मिलिमीटर जाडीचा, सरळ आणि वाळलेला निवडा. खळग्याच्या खोलीपेक्षा बोटाच्या पेराइतका जास्त लांब कापा आणि तळाच्या छिद्रात घट्ट बसवा. देठ हलता कामा नये. ओला देठ नको: त्यातली वाफ भुकटी उचलते आणि मण्याच्या तोंडाशी भेग पडते. फार बारीकही नको: काच मऊ होऊन आत सरकते, भोक बुजतं आणि मणी ओवता येत नाही. सगळे देठ बसवल्यावर साचा डोळ्यांच्या पातळीवर धरून बाजूने बघा. एकही देठ कललेला दिसला तर आत्ताच काढून नवा बसवा.

भरणं

यावर जितका वेळ द्याल तितका कमी. एक जाड कार्ड मधोमध दुमडून पन्हळ करा, तिच्यावर चिमूटभर भुकटी घ्या आणि खळग्याच्या कडेवर टेकवून कार्डाला बोटाने हलक्या टिचक्या मारा. भुकटी देठाभोवती चारी बाजूंनी सारखी पडली पाहिजे. एकाच बाजूने ओतली तर ती देठाला ढकलते आणि भोक तिरकं होतं. देठाचं टोक दुसऱ्या हाताच्या बोटाने अलगद धरून ठेवा.

आडव्या पट्ट्यांचा मणी सर्वांत सोपा. तळाशी २ मिलिमीटरचा पांढरा थर, त्यावर निळा, पुन्हा पांढरा. प्रत्येक थर काडीच्या चपट्या टोकाने दाबून सपाट करायचा, मगच पुढचा रंग. साचा आपटून भुकटी बसवण्याचा मोह होतो, पण मधले थर त्याने एकमेकांत मिसळतात. आपटायचा तो एकदाच, शेवटी आणि हलकेच.

नागमोडी नक्षीसाठी दोन थर भरल्यावर लांब सुई खळग्याच्या भिंतीला लावून उभी खाली न्यायची आणि तशीच वर काढायची. वरचा रंग सुईमागे खाली ओढला जातो आणि भिंतीलगत टोक उमटतं. अशी सहा-आठ टोकं सारख्या अंतरावर ओढली की मण्याभोवती कातरलेली झालर दिसते. सुई भिंतीपासून आत सरकली तर नक्षी मण्याच्या पोटात जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दर वेळी सुई पुसायला विसरू नका.

वितळताना भुकटी खाली बसते, म्हणून खळगा काठोकाठ भरून वर छोटी टेकडी ठेवा. शेवटी खळग्याच्या कडेवरची आणि देठाच्या टोकावरची सांडलेली भुकटी मऊ ब्रशने झाडा. कडेवर राहिलेली भुकटी शेजारच्या दोन मण्यांना जोडते आणि त्यांना धारदार ओठ फुटतो.

भट्टी

भट्टी घुमटासारखी असते आणि ती वारुळाच्या मातीने बांधतात, कारण ती माती ताप सहन करते. इंधन लाकूड किंवा पामच्या बियांची कवचं. साचा लांब दांड्याच्या लोखंडी फावड्यावरून आत सरकवायचा असतो. ते काम कारागिराचं आहे, तुम्ही दोन पावलं मागे उभे राहा. आत सरकवण्याआधी साचा थोडा वेळ भट्टीच्या तोंडाशी ठेवून गरम होऊ दिला तर तडकण्याचा धोका कमी होतो.

भुकटीच्या मण्यांना साधारण २० ते ३५ मिनिटं लागतात, तुकड्यांच्या पारदर्शक मण्यांना पाऊण ते एक तास. आतलं तापमान साडेसातशे ते साडेआठशे अंशांच्या आसपास हवं. तापमापक नसतोच, म्हणून रंगावर नजर ठेवायची. साचा काळपट लाल असेल तर मणी कच्चे आहेत. चेरीसारखा लाल झाला, भुकटीचा दाणेदारपणा गेला आणि पृष्ठभाग ओलसर चमकू लागला की वेळ झाली. त्यापुढे नारिंगी होऊ दिला तर कडा गोल होतात, थर ओघळतात, भोकं आवळतात. तोंडातून सारखं डोकावू नका, प्रत्येक वेळी आतला ताप पडतो.

पारदर्शक मण्यांचा साचा बाहेर आला की कारागीर दोन्ही हातांत एकेक अणकुचीदार सळई घेतो. एकीचं टोक मऊ काचेच्या मधोमध खुपसून आरपार नेतो, दुसरीने मणी टेकवून खळग्यातच गरगर फिरवतो, म्हणजे भोक गोल राहतं आणि मणीही. काच लालसर दिसते तोवरच हे जमतं. ती अंधारली की सळई लावायची नाही, मणी फुटतो. साचा पुन्हा आत जातो. हे बघायला जवळ जायची इच्छा होईल, तरी दीड हाताचं अंतर ठेवा.

मग निवू देणं. घाई इथेच जास्त नडते. गरम काचेला वारा किंवा पाणी लागलं की बाहेरचा थर आधी आकसतो, आतला नंतर, आणि मणी त्याच वेळी किंवा आठवड्याभराने माळेत असताना चिरतो. जाड मातीचा साचा स्वतः ताप धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो, म्हणून मणी साच्यातच राहू द्या. आडोशाला ठेवा, वर दुसरा रिकामा गरम साचा पालथा घाला, निदान तासभर हात लावू नका. मोठ्या मण्यांना दोन तास द्या. साच्याच्या खालच्या बाजूला हात लावून कोमट लागला तरच उलटा करा. मणी सहज पडतात. एखादा अडकला तर लाकडाने मागून ठोका, वरून टोचू नका.

चितारलेला मणी

भाजलेला कोरा मणी घासून, धुऊन, वाळवून घ्या. त्याला हाताचं तेल लागलं तर लुकण धरत नाही. वस्त्रगाळ काच, रंग आणि पाणी कालवून सायीइतकं दाट लुकण करा. मणी काडीवर अडकवा, सुईच्या टोकावर लुकणाचा थेंब घेऊन मण्याला टेकवा आणि मणी फिरवा. सुई स्थिर ठेवायची, काडी फिरवायची. रेघ सरळ येते ती यामुळे. थेंब पसरत असेल तर पाणी जास्त झालंय, सुईमागे तुटक पडत असेल तर कमी. जाड थर देऊ नका, भाजताना तो सुटून पडतो. नक्षी पूर्ण वाळल्यावरच दुसरी भाजणी द्यायची. ती पहिलीपेक्षा कमी वेळाची असते: नक्षी चकाकली की काढायचे, नाहीतर मूळ मण्याचा आकार बिघडतो.

घासणं आणि ओवणं

साच्यातून निघालेला मणी पांढुरका, राखेने माखलेला आणि कडेला धारदार असतो. आधी भोकातली देठाची राख बारीक तारेने काढा. मग वीस-तीस मणी जाड तारेत ओवून सपाट दगडावर ठेवा, वाळू आणि भरपूर पाणी घाला आणि दोन्ही तळव्यांनी पुढे-मागे लोळवा. पहिली पाच मिनिटं नुसता खरखर आवाज येतो, मग हळूहळू तो मऊ होत जातो आणि पाणी दुधाळ होतं. पाणी सारखं घालत राहा. कोरडं घासलं तर धूळ उडते आणि मण्यावर चरे पडतात. एका माळेला अर्धा ते एक तास धरा.

घासताना चुका दिसू लागतात. बोटाला खडूसारखी पूड लागली तर मणी कच्चा आहे, धुऊन-वाळवून पुन्हा लेप दिलेल्या साच्यात भाजता येतो. मण्याच्या कमरेला पोकळी असेल तर भरताना मधला थर दाबला गेला नव्हता. सगळ्याच मण्यांना एकाच बाजूला फुगा असेल तर साचा भट्टीत कलता ठेवला होता. नखाने टिचकी मारून ऐका: चांगला मणी टणक वाजतो, चिरलेला बद्द.

भोकाच्या कडा दोऱ्याला कापतात, म्हणून ओवण्याआधी गोल कानस पाण्यात बुडवून प्रत्येक तोंडाशी दोन-तीन वेळा फिरवा. साठ मण्यांची माळ दीडशे ग्रॅमची असते, तेव्हा साधा शिवणाचा दोरा चालणार नाही. मेण लावलेला सुती दोरा दुहेरी घ्या. महत्त्वाच्या मण्यांच्या दोन्ही बाजूंना गाठ मारा, म्हणजे एक तुटला तरी सगळे सांडत नाहीत आणि काच काचेवर आपटत नाही.

आणखी सुटे मणी हवे असतील तर आगोमान्याचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो, कोफोरिडुआचा मण्यांचा बाजार गुरुवारी. पैसे घाना सेडीत द्यायचे, तेही उजव्या हाताने. डाव्या हाताने देणं-घेणं इथे उद्धटपणाचं मानतात. क्रोबो मुलींच्या वयात येण्याच्या दीपो विधीत अंगावर मण्यांच्या माळा चढतात आणि काही मणी घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपलेले असतात. म्हणून कुणाच्या अंगावरच्या मण्यांना न विचारता हात लावू नका, फोटोही काढू नका. एखाद्या रंगाची किंवा नक्षीची माळ कोण आणि केव्हा घालतं, हे साचा निवत असताना कारागिराला विचारा. त्या तासाभरात त्यालाही निवांतपणा असतो.